पाठवणीचा खर्च

भुसाकाकांनी टपालखर्चाच्या चौकटीत आधी नऊशे लिहिलं, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला आणि पुढे आणखी एक शून्य लावलं. नऊ हजार. आकडा बघून त्यांना बरं वाटलं. असा आकडा बघितला की माणूस वस्तूचा नाद सोडतो आणि शांतपणे दुसऱ्या कामाला लागतो.

"भरलंस का बाबा?" पुढच्या खोलीतून मुलीने विचारलं.

"भरलं."

"किती?"

"जेवढा होतो तेवढा."

ती बघायला आली नाही, कारण ती भिंत मोजत होती. काकांची मुलगी अवघडलेल्या पाठी आणि आखडलेल्या माना सरळ करायची. आजवर दुसऱ्यांच्या दवाखान्यात, आता स्वतःच्या, म्हणजे या पुढच्या खोलीत. तपासायचं टेबल खोलीत सगळीकडे बसत होतं, पण दारही उघडायचं असेल तर एकाच कोपऱ्यात बसत होतं. त्या कोपऱ्यात टोप उभा होता.

टोप म्हणजे केस वाळवायचा ड्रायर. लोखंडी दांडा, खाली चाकं, आणि वर भोपळ्याएवढा फिक्कट गुलाबी टोप, ज्याच्यात डोकं घालून बसायचं. काकूंचं पार्लर याच खोलीत होतं. काकू गेल्यावर आरसे गेले, खुर्च्या गेल्या, बेसिनसुद्धा गेलं. टोप राहिला. मुलीने रीतसर विचारलं होतं, "तुला हवाय का तो?" आणि काकांनी रीतसर सांगितलं होतं, "मला कशाला? केस आहेत का मला?" हे खरंच होतं. कानांच्या वर थोडी झालर होती, बाकी मैदान. मग मुलीने टोपाचा फोटो काढून लिलावाच्या साइटवर टाकला, बोली दोनशेपासून ठेवली, आणि टपालखर्चाची चौकट वडिलांसाठी सोडली. काच कारखान्यात उभा जन्म पॅकिंग केलेल्या माणसाला पॅकिंगचे पैसे आपण काय सांगणार, असा तिचा सरळ विचार.

तिला एक गोष्ट माहीत नव्हती, कारण ती आठपर्यंत कामावर असायची. रोज संध्याकाळी सहा वाजता काका टोपाखाली खुर्ची ओढत, बटण दाबत आणि अर्धा तास पेपर वाचत.

ही सवय कारखान्यापासूनची. काच भुशात बांधायची, त्यामुळे काका घरी यायचे ते केसांत भुसा घेऊन. नावही त्यावरूनच पडलेलं. काकू दारातच म्हणायच्या, "डोक्यात भुसा भरलाय हे मी लग्नाआधीच ओळखलं होतं." मग त्या त्यांचं डोकं धुवायच्या आणि दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये त्यांना टोपाखाली बसवायच्या. आजूबाजूच्या बायका त्यांच्या डोक्यावरून खुशाल एकमेकींशी सासूच्या तक्रारी करायच्या, कारण टोपाखालच्या माणसाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पुढे केस गेले, नोकरी संपली, काकू गेल्या. सहा वाजायचे थांबले नाहीत.

तर नऊ हजार.

एकच बोली आली. दोनशे. बोली लावणारीने साइटवर स्वतःचं नाव ठेवलं होतं ‘कात्रीबाई’. लिलाव संपला, कात्रीबाई जिंकली, आणि तिचा पहिला मेसेज आला.

"दोनशेची वस्तू आणि नऊ हजार टपाल? तुम्ही स्वतः पाठीवर घेऊन चालत येणार आहात का?"

काकांनी एका बोटाने लिहिलं, "वस्तू नाजूक आहे."

"लोखंडी आहे."

"लोखंडसुद्धा नाजूक असतं. गंजतं."

"माझ्या भावाचं कपाट साडेआठशेत आलं. आरशासकट."

"कपाटाला डोकं नसतं."

काकांना वाटलं, संपलं. पण कात्रीबाई चिवट निघाली. चाकं तशीच राहू द्या, पेटी नको, गोणपाटात गुंडाळा, असं ती दिवसातून तीन-चारदा सुचवत राहिली. चाकं असलेली वस्तू वाटेत आपली आपण निघून जाते, असं काकांनी कळवलं. गोणपाटाच्या सूचनेला त्यांनी उत्तरच दिलं नाही. काही गोष्टींना उत्तर देणं म्हणजे त्या मान्य करणं.

शेवटी तिने साइटकडे तक्रार केली. साइटने काकांकडे खर्चाचा तपशील मागितला. काकांनी तो प्रामाणिकपणे भरला: फळ्या, खिळे, भुसा, दोरी, मजुरी, आणि उरलेल्या रकमेपुढे ‘मनस्ताप’. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "आपला तपशील तपासून मान्य करण्यात आला आहे." कोणी तपासला, देव जाणे.

"गेला का टोप?" मुलीने जेवताना विचारलं. "टेबलवाला रोज फोन करतोय मला."

"बोलणी चालू आहेत."

"दोनशेच्या वस्तूची बोलणी? बाबा, घर विकायला लोक एवढं बोलत नाहीत."

"समोरची पार्टी अवघड आहे," काका म्हणाले आणि पानाकडे बघत जेवत राहिले.

मग एका सकाळी समोरच्या पार्टीने हात टेकले. मेसेज आला: "जाऊ दे. विक्री रद्द करा, माझी हरकत नाही. तसाही तो फुटूनच आला असता. आजकाल पॅकिंग येतं कुणाला?"

खाली ‘रद्द करा’ असं बटण होतं. लाल, गोल, दाबायला सोपं. काकांनी बोट उचललं. काम फत्ते झालं होतं. टोप कोपऱ्यात उभा होता आणि आता उभाच राहणार होता. काकांनी बटण दाबण्याआधी सहज म्हणून मेसेज पुन्हा वाचला. शेवटचं वाक्य तर दोनदा वाचलं.

मग त्यांनी फोन खिशात टाकला, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून फळ्या काढायला सुरुवात केली.

कारखान्यात बांधणीचे दोन प्रकार होते. एक गिऱ्हाइकाची बांधणी. तिच्यात दोरीचं एक टोक बाहेर ठेवायचं. दुकानातल्या कुणीही ते ओढलं की पेटी सुटली. दुसरी घरची बांधणी. ही कारखान्याच्या स्वतःच्या मालासाठी. मोठमोठ्या फुलदाण्या प्रदर्शनाला जायच्या आणि परत यायच्या, त्या अशा बांधत. यात टोक बाहेर नसे. पेटीबरोबर बांधणारा स्वतः जायचा, तिकडे स्वतः उघडायचा, प्रदर्शनभर शेजारी स्टुलावर बसायचा आणि पुन्हा बांधून घरी आणायचा. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही पेट्या सारख्याच दिसत.

काकांनी दांडा वेगळा केला, चाकं चिंध्यांत गुंडाळली, टोपाला भुशाची गादी केली. कोपऱ्यावरच्या सुताराने भुसा फुकट दिला, वर "काका, पुन्हा कामाला लागलात की काय?" असं विचारलं. खिळे ठोकून झाल्यावर दोरीचं काम आलं. ते काम हातांचं होतं. हात आपले करत गेले, काकांनी त्यांना काही विचारलं नाही.

प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून त्यांनी कात्रीबाईला पाठवला. टोप पाठवायचा म्हणून नव्हे. नुसतं तिला कळावं म्हणून.

मग तिचा मेसेज आला.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"एकट्याने?"

"हो."

मग फोनने वेगळाच आवाज केला. नऊ हजार दोनशे जमा झाले होते. पाठोपाठ मेसेज: "माफ करा. मी उगीच भांडले. हे नऊ हजारांचंच काम आहे. कधी पाठवता?"

काका खुर्चीवर बसले. सहा वाजले होते. खोलीच्या मधोमध पेटी होती, आणि ती देखणी झाली होती हे शत्रूलाही मान्य करावं लागलं असतं. तसं ते शत्रूने केलंच होतं. काकांनी खुर्ची पेटीशेजारी ओढली आणि पेपर उघडला. शेजारच्या घरात नळ चालू होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी स्टूल सरकवत होतं. रस्त्यावर दोन बायका हसत होत्या, पुढे एक मोटार गेली, मग दुसरी. सहा वाजता जगात एवढा आवाज असतो याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

मुलगी त्या दिवशी लवकर आली. दारातच थबकली.

"अरे वा! बांधलास? आणि हे काय, नऊ हजार? फोन उघडाच टाकलायस इथे. बाबा, तू हिला लुटलंस की!"

"तिने स्वतःहून दिले."

ती हसत हसत पेटीला फेरी मारून पलीकडे गेली, आणि तिला कोपऱ्यातल्या प्लगचं चालूच राहिलेलं बटण दिसलं, पेटीला चिकटून ठेवलेली खुर्ची दिसली, पेपर दिसला. तिचं हसू सावकाश उतरलं.

"तू रोज बसायचास इथे?"

"उजेड चांगला येतो."

"बाबा. ठेवायचाय का तुला? मी टेबलवाल्याला सांगते. बघू काहीतरी."

काकांनी पेपराची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली.

"बांधलेला माल आपण उघडत नाही," ते म्हणाले.

कुरियरवाला आला. त्याने आठशे सत्तर घेतले आणि पेटी हातगाडीवर घालताना "बापरे, आत कोण आहे?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात तपासायचं टेबल आलं. ते फार छान बसलं. दारही उघडत होतं. मुलीने त्यावर चादर घातली आणि वडिलांना म्हणाली, "ये, पहिला पेशंट तू." काका आडवे झाले. तिने मान दाबून दिली. मान दुखत नव्हती, पण ते त्यांनी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मेसेज आला.

"पेटी उघडत नाही."

"दोरी ओढा," काकांनी लिहिलं.

"कुठली? टोकच नाही कुठे."

"नीट बघा."

"सकाळपासून बघतेय. भावाने पहार लावली. पहार वाकली."

"पहार लावू नका!"

"मग काय करू? ही पेटी आहे की किल्ला? दुकान उघडायचंय मला. उघडून द्या नाहीतर पैसे परत करा."

काका फोनकडे बघत राहिले. मग आपल्या हातांकडे. हात मांडीवर गप्प बसले होते, जणू त्यांचा काही संबंधच नाही.

"येतो," त्यांनी लिहिलं.

मुलगी त्यांना पिशवी भरताना बघत होती. पक्कड, पाण्याची बाटली, पेपर.

"पेटी उघडायला चार तास बसने जाणार? आणि भाडं कोण देणार?"

"टपालखर्चात धरलंय ते."

कात्रीबाईचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. रंग ओला होता, आरशांवरचे कागद निघायचे होते. काकांच्या डोळ्यांसमोर इतके दिवस एक पन्नाशीची, कमरेवर हात ठेवलेली बाई होती. दार उघडलं ते विशीतल्या एका पोरीने. नाकावर रंगाचा ठिपका.

"कात्रीबाई आहेत का?"

"मीच. या ना काका."

"आवाजावरून मोठ्या वाटलात."

"आवाज कुठे ऐकलात माझा? मेसेजच तर होते."

"मेसेजच्याच आवाजावरून."

पेटी मधोमध होती. एका कोपऱ्याला पहारीचा ओरखडा होता. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग ते गुडघ्यांवर बसले, दोन बोटं खालच्या फळीमागे सरकवली, आत काहीतरी शोधलं आणि ओढलं. चारही बाजू हळूच सैल होऊन बाहेर कलल्या. भुशातून गुलाबी टोप वर आला. एक चरासुद्धा नव्हता.

"एवढंच?" ती म्हणाली. "मग मला का नाही जमलं?"

"ही आमची घरची बांधणी," काका म्हणाले, आणि मग मध्येच थांबले. "उरलेले पैसे आणलेत," ते म्हणाले. "मनस्तापाचे."

"राहू दे हो. तो तुम्हाला झालाच असेल."

तिनेच दांडा बसवला, चाकं लावली, टोप चढवला. काका फक्त पाना पुढे करत होते. मग तिने प्लग लावला आणि खोलीत इकडेतिकडे पाहिलं.

"चालतो का बघायला कुणीतरी बसायला हवं. माझे केस रंगाने माखलेत." तिची नजर काकांच्या डोक्यावर गेली आणि सभ्यपणे खाली आली.

"चालेल," काका म्हणाले. "मला सवय आहे."

ते बसले. ती टोप खाली ओढणार तेवढ्यात थांबली.

"एक मिनिट हं, काका. डोक्यावर भुसा आहे तुमच्या."

तिने मऊ ब्रश घेतला आणि त्यांचं डोकं झटकलं. समोरून, मग मागून, मग कानांच्या वरच्या झालरीतून. मग टोप खाली आला आणि बटण दाबलं गेलं.

ती समोर उभी राहून काहीतरी विचारत होती. ओठ हलताना दिसत होते. काकांनी मान डोलावली. तिने पुन्हा काही विचारलं, त्यांनी पुन्हा डोलावली. मग ती हसली आणि आरशांवरचे कागद काढायला गेली.

खिशात फोन थरथरला. मुलीचा मेसेज होता: "पोचलास? उघडली का पेटी?"

काकांनी पेपर मांडीवर ठेवला आणि एका बोटाने लिहिलं, "उघडतोय अजून. वेळ लागेल."