सर्व्हरच्या खोलीची किल्ली

"किल्ली काढा," साहेब म्हणाले.

एकवीस वर्षं कमरेला लटकलेली किल्ली. काढली, टेबलावर ठेवली. मी दवाखान्याचा वायरमन. सर्व्हरच्या खोलीतला एसी, दिवे, धूळ, सगळं माझ्याकडे. पेशंटांचे सगळे रिपोर्ट तिथल्या सर्व्हर मशीनच्या पोटात, आणि ते चार दिवस झाले मधेच धाडकन बंद पडत होतं.

"रविवारी आत कोण होतं?"

"मी. धूळ काढली. एक केबल निसटली हातून, ती परत बसवली."

खरं बोललो अन् तिथंच फसलो. कॉम्प्युटरवाली मॅडम लगेच म्हणाली, "मग तेच! केबल बदलूनही रिपोर्टांच्या डिस्क मशीनला मधेच दिसेनाशा होतायत. केबलची आतली खाचच वाकवली असणार काकांनी."

मला उलट तिचाच संशय. रविवारी तीही चार तास आत होती. विचारलं, तर म्हणे, "काही नाही, नेहमीचं अपडेट." काही नाही करायला चार तास लागतात होय?

घरी जेवताना बायको म्हणाली, "तुमचाच हात लागला नसेल ना हो जोरात?"

हिलाही तसंच वाटतंय? मग मीही माझ्या उजव्या हाताकडे चोराकडे बघावं तसा बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी किल्ली नाही म्हणून दारातच उभा राहिलो. मॅडमनं मशीन चालू केलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. ती वरची निवडणार, तेवढ्यात मी विचारलं, "खालची कशाची?"

"जुन्या कर्नलची. म्हणजे सिस्टिमचा अपडेटच्या आधीचा गाभा. अडीनडीला ठेवतात."

"मग अजून कसली अडनड यायचीय? खाच वाकली असेल, तर जुन्यालाही वाकडीच लागेल की."

तिनं खुर्ची पुढं ओढली. मग खालची ओळ निवडली, सगळ्या डिस्कची कॉपी लावली. त्या ताणानंच मशीन पडायचं. दोन तास झाले, मशीन ठणठणीत. वरच्या ओळीवर लावलं, दहा मिनिटांत आडवं. तीनदा केलं, तीनदा तेच.

"डिस्कच्या कार्डाचा ड्रायव्हर," ती हळूच म्हणाली. "डिस्क ज्या कार्डाला जोडल्यात, ते चालवणारा प्रोग्रॅम. नव्या कर्नलबरोबर तोही बदलला, तोच मरतोय. हात तुमचा नव्हता, काका. अपडेट माझं होतं."

साहेबांसमोरही हेच बोलली, मान ताठ ठेवून. पोरीला मानलं आपण. मशीन जुन्या कर्नलवर ठेवलं. साहेबांनी किल्ली पुढं सरकवली. "गैरसमज झाला हो."

किल्ली परत कमरेला आहे. पण आता धूळ काढायची असली, की मी मॅडमला दारात उभं करतो. काम झालं की दोन्ही हात उघडून तिच्यापुढं धरतो.

"काका, कशाला हो दर वेळी?" ती म्हणते.

"बघून घे," मी म्हणतो, अन् कुलूप लावतो.