सळईफिरव्या

“भिंतीचं माप कशाला घेताय?” चुलीपाशी बसल्या बसल्या ऑस्बर्टनं सुतारांना विचारलं. सुतारांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा दोरी ताणली.

जमीनदाराच्या त्या स्वयंपाकघरात आगीवर मांस भाजायची सळई फिरवता फिरवता त्याचं वय झालं होतं. आगीकडचा गाल चामड्यासारखा झाला होता. कुणीतरी चेष्टेनं ‘सळई’ला ‘फिरव्या’ जोडला आणि तेच त्याचं नाव पडलं. पुढे पंचक्रोशीतल्या प्रत्येक चुलीपाशी असं काम करणाऱ्याला हीच हाक जाऊ लागली.

स्वयंपाकीण मार्जरी एरवी त्याला टोमणे मारल्याशिवाय राहत नसे. आज ती नजर चुकवत होती. फळी बसवतायत, एवढंच ती म्हणाली.

दुपारी भिंतीवर पोकळ लाकडी चाक चढलं. त्याचा पट्टा खाली थेट सळईला जोडला गेला; चाक फिरलं की सळई फिरणार. आत काय ठेवणार, हे कुणी बोलेना.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यानं वळवळणारं पोतं आणलं. त्यातून आखूड पायांचा, लांबट अंगाचा कुत्रा निघाला.

“याला शिकव,” कारभारी म्हणाला. “थांबला की चाकात निखारा टाकायचा. पळतो मग.”

“आणि मी?”

“आधी शिकव तर.”

ऑस्बर्टनं चिमट्यात निखारा उचलला. चाकात घातलेला कुत्रा अंग चोरून थरथरत होता. त्यानं निखारा परत आगीत टाकला, हातानंच चाक हळूहळू ढकललं. कुत्र्याचे पाय आपोआप पडू लागले. संध्याकाळपर्यंत तो धावायला शिकला.

“शाब्बास, सळईफिरव्या!”

ऑस्बर्टनं मान वर केली. कारभारी चाकाकडे बघत होता. ऑस्बर्टकडे न वळताच, उद्यापासून यायचं कारण नाही, असं सांगून तो गेला.

मार्जरीनं मांसाचा मोठा तुकडा कापून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला नाही. म्हणाला, “त्याला मधूनमधून पाणी दे. आगीपाशी घसा लवकर सुकतो. तो मागणार नाही.”



ऑस्बर्ट अंगणात जाऊन दगडावर बसला. आत चाक करकरत होतं. मांडीवरचा त्याचा उजवा हात त्याच लयीत हळूहळू फिरत होता. लक्षात आलं तेव्हा त्यानं तो डाव्या हातानं धरून ठेवला.