खंडेनवमीला बाहेर काढलेली गाडी

ज्या गाडीला स्टेपनी नाही ती गाडीच नव्हे, असं आकारामचं ठाम मत होतं. जन्मभर लष्कराचे ट्रक हाकलेला माणूस तो. लेहच्या बर्फात आणि सिक्कीमच्या चिखलात त्यानं चाकं बदलली होती. आणि म्हातारपणी घरात सून आली ती दोन सीटांची, जमिनीला पोट टेकवून पळणारी लालभडक गाडी घेऊन. अंकिताचं माहेर मूळचं विट्याकडचं, पण वडिलांचं सोनं गाळायचं दुकान कोइमतूरला. पोरगी तिकडेच वाढली आणि गाडी पळवायलाही तिकडेच शिकली. नवरा जयराज सरहद्दीवर. ती रोज यवतेश्वरच्या पठारावरून घाट उतरून साताऱ्याच्या दवाखान्यात जायची, लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे मोकळे करायला.

असल्या गाडीबरोबर रोजचा संसार करणं म्हणजे खायचं काम नव्हे. गतिरोधक आला की ती तिरकी घालावी लागे, आणि तेवढ्यात मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न बडवून जीव खाई. रस्त्यावर पाणी साचलेलं दिसलं की अंकिता बाजूला थांबून दुसऱ्या कुणाला तरी पुढं जाऊ द्यायची, खड्डा केवढा आहे ते कळावं म्हणून. सासूबाईंना, म्हणजे लीलाबाईंना, आत बसवायचं तर एकानं त्यांचं डोकं सांभाळायचं आणि दुसऱ्यानं लुगड्याचा काठ. लीलाबाईंना मात्र गाडीचं भारी वेड. "इमानात बसल्यागत वाटतंय," म्हणायच्या. विमान त्यांनी पाहिलं होतं ते खालूनच.

यंदाच्या पावसानं टायर पार झिजले. त्या मापाचे टायर साताऱ्यात मिळेनात, म्हणून सासरा-सून सांगलीला गेले आणि तिथं दुकानात त्यांची चांगलीच जुंपली. पुढचे टायर अरुंद आणि मागचे रुंद, त्यामुळं पुढचे मागं टाकायची सोय नाही, हे ऐकूनच आकारामचं टाळकं सरकलं होतं. त्यात दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक कडक, वर्षानुवर्षं टिकणारा. दुसरा मऊ, लवकर झिजणारा, पण ओल्या रस्त्याला घट्ट धरणारा.

आकारामनं मऊ टायरला नख लावून पाहिलं. "ह्यो टायर न्हाई, खोडरबर हाय. साल बी काढायचा न्हाई."

"मामा, मला साल नाही काढायचं. मला घाट उतरायचाय," अंकिता म्हणाली आणि तिनं मऊ टायर घेतले. नवे टायर सुरुवातीला गुळगुळीत असतात, थोडे दिवस जपून चालवा, असं दुकानदारानं दोघांनाही बजावलं. कराड येईपर्यंत आकाराम खिडकीबाहेर बघत बसला होता. आपण लष्कर जगवलं आणि ही कालची पोर आपल्याला टायर शिकवते, याचा त्याला मनापासून राग आला होता.

पण राग धरून ठेवणं त्याला जमायचं नाही आणि माफी मागणं तर त्याहून जमायचं नाही. हातानं काहीतरी करून मोकळं व्हायचं, ही त्याची रीत. त्यामुळं खंडेनवमीला तो पहाटेच उठला. ट्रॅक्टर धुतला, मोटरसायकल धुतली आणि शेवटी सुनेची गाडी धुतली. मग जळक्या ऑइलचा डबा काढला. लष्करात मोठा साहेब तपासणीला यायचा असला की ड्रायव्हर लोक ट्रकचे टायर ऑइलनं पुसून काळेभोर करत. आकाराम अर्धवट काम करणारा गडी नव्हता. त्यानं जॅक लावून एकेक चाक उचललं, हातानं फिरवलं, आणि नुसत्या बाजूच नव्हे तर रस्त्याला टेकणारा अख्खा पट्टा, खाचांसकट, चोपडून काढला. सुनेच्या टायरांना तर दोनदा हात दिला. टायर असे चकाकले की त्याला स्वतःलाच बरं वाटलं.

ह्यात त्याला काही वावगं दिसलं नाही, कारण त्यांच्या घरात खंडेनवमीला पुजलेलं अवजार दसरा उजाडेपर्यंत हलवत नसत. नांगर असो, विळा असो की ट्रॅक्टर, सगळं जागच्या जागी. दसऱ्याला सकाळी ऑइल पुसून काढलं की झालं. हे कुणाला सांगावं लागतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. पूजा झाली, झेंडूचे हार पडले आणि आकाराम देवळात गेला.

परत आला तेव्हा बारीक पाऊस लागला होता. अंगणात ट्रॅक्टर होता, मोटरसायकल होती. लाल गाडी नव्हती. तिच्या जागी चार लिंबं चेंगरून पडली होती.

शेजारचा नानासो जीप पुसत उभा होता. कासला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायचा त्याचा धंदा. "वैनी आन् सूनबाई आत्ताच सातारला गेल्या," तो म्हणाला. "तिकडं कोइमतूरला पूजा झाली की चाकाखाली लिंबं ठिवून गाडी फिरवून आणत्यात म्हणं. वैनी आधी नगं म्हणत हुत्या, पन गाडीत बसायची हौस, निघाल्याच. पेढं घिऊन येतो म्हणाल्या."

"आरं, पुजलेली गाडी कोण भायेर काढतंय का!" आकाराम खेकसला. तेवढ्यात त्याची नजर फाटकातल्या फरशीवर गेली. ओल्या फरशीवर टायरचे दोन काळे पट्टे उमटले होते आणि त्यांच्यावरून पावसाच्या पाण्यात निळी-जांभळी साय पसरत होती.

तो फाटकाकडं धावला. पुढं घाट. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. रस्ता ओला, टायर नवे आणि त्यावर आपण आपल्या हातानं, दोनदा, ऑइल चोपडलेलं.

त्यानं सुनेला फोन लावला. रिंग वाजत राहिली. उचलणार कशी, गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे त्यानंच तिला दटावलं होतं. लीलाबाईंचा फोन स्वयंपाकघरातच वाजला. त्यानं मोटरसायकल काढली, किक मारली आणि फाटकातून वळताना ती त्याच्याखालून अशी निसटली की तो गुडघ्यावर आपटला. तिचेही टायर त्यानंच चोपडले होते. फरशीवर पडल्या पडल्या त्याला कळलं की त्या दोघींचं काय होणार आहे.

"नानासो, जीप काढ!"

"झालं काय, तात्या?"

"काढ म्हणतो न्हवं!"

घाट सुरू झाला तसा आकाराम दरीकडच्या बाजूला अर्धा बाहेर वाकून बघू लागला. नानासो काही विचारायचा, ते त्याच्या कानात शिरत नव्हतं. पहिल्या वळणावर काही नव्हतं. त्याचा जीव थोडा खाली पडला. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे रस्त्यावर झेंडूची फुलं विखुरलेली दिसली आणि तिथून काळा पट्टा सरळ कठड्याकडं गेलेला. तिथला कठडा पावसाळ्यात ढासळला होता, तो अजून कुणी बांधला नव्हता. आकारामनं डोळे मिटून घेतले. ज्यानं बर्फात ट्रकसकट गेलेली माणसं वर काढली, त्याला खाली बघायचं धाडस होईना.

"तात्या, हिकडं!" नानासो ओरडला. "डोंगराकडं बघा!"

काळा पट्टा कठड्याच्या अलीकडं वळला होता. लाल गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात नाक खुपसून उभी होती. लीलाबाई दगडावर बसल्या होत्या, कपाळाला टेंगूळ, पदर तोंडात. अंकिता गाडीजवळ उभी होती. तिनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते.

"आत्यांना फार लागलं नाही," ती आधी म्हणाली. मग म्हणाली, "पहिल्या वळणाला गाडी मागनं हलली. मला वाटलं, पाऊस आहे. हितं ब्रेक दाबला तर थांबेचना. समोर सगळं मोकळं दिसलं, म्हणून डोंगरावर घातली."

आकाराम वाकून मागच्या चाकाकडं बघू लागला.

"मामा, तुमचंच खरं झालं. टायर मी चुकीचे घेतले. जपून चालवा म्हणून सांगितलेलं, तरी आत्यांना घेऊन निघाले." तिचा आवाज चिरका झाला. "आता मी नाही चालवणार. हीच नाही, कुठलीच. माझ्या हाताचा मलाच भरवसा वाटत नाही."

"ह्या असल्या गाड्या आपल्या घाटाला नकोतच," नानासोनं री ओढली.

आकाराम नुसता गप्प राहिला असता तरी भागलं असतं. पाऊस वाढत होता, तासाभरात ऑइलचा मागमूस उरला नसता. सांगलीच्या दुकानातलं भांडणही तो जिंकला असता. असा विचार आपल्या मनात आला याचीच त्याला किळस आली.

"टायर बराबर हायत," तो म्हणाला. आवाज एवढा मोठा निघाला की लीलाबाईंनी पदर तोंडातून काढला. "म्या ऑइल लावलंय. आख्ख्या टायरला. चमकावं म्हणून. आज गाडी भायेर निघंल आसं माज्या डोसक्यात बी न्हवतं." त्यानं दोन्ही तळहात पुढं केले. नखांत अजून काळं होतं.

"आवं, तुमाला काय म्हनावं!" लीलाबाई उठून उभ्या राहिल्या. "पोरीचा जीव घेत हुता की वं तुमी!"

"व्हय," आकाराम म्हणाला.

अंकितानं गाडीच्या मागच्या चाकावरून बोट फिरवलं, ते बोट बघितलं आणि ती मटकन रस्त्यावरच बसली. इतका वेळ अडवून धरलेलं रडू आता फुटलं.

"म्हणजे मी नाही चुकले?"

"न्हाई, पोरी."

"टायर पण नाही?"

"टायर बी न्हाई. तू वळीवलीस तशी मला बी वळीवता आली नसती. तू हुतीस म्हणून तुमी दोघी हायसा."

ती बराच वेळ रडली. नानासोनं दोन गाड्यांना हात करून पुढं जायला सांगितलं. मग तिनं बाहीनं तोंड पुसलं, उठली, डिकी उघडली आणि गाडी धुवायचा शाम्पू आणि फडकं काढून सासऱ्याच्या हातात दिलं. तिचे डोळे अजून लाल होते आणि त्यात राग होता.

"आधी मागचे दोन," ती म्हणाली. "आणि मी बघितल्याशिवाय उठायचं नाही."

आकाराम फुटलेला गुडघा टेकून भर पावसात रस्त्यावर बसला आणि टायर पुसू लागला.