घोगरा आवाज

वनाच्या भोंग्यांचा आवाज फाटत नाही, असं चाळीसगाव तालुक्यात कुणी म्हटलं की वना दिवसभर तेच घोळवत बसायचा. तारीफ भोंग्यांची व्हायची, पण वना ती स्वतःच्या नावावर जमा करून घ्यायचा. सप्ताह असो, लग्न असो, पुढाऱ्याची सभा असो, गावाच्या अगदी टोकाच्या घरात चुलीपुढं बसलेल्या बाईला शब्द न् शब्द कळला पाहिजे, हा त्याचा हट्ट. डीजेवाल्यांना तो नाक मुरडायचा. नुसता धडधडाट काय, कुणीही करतं, म्हणायचा.

त्या दिवशी काम होतं पिक्चरचं. पलकताई ही जळगावच्या मेहरूणमधल्या एका मारवाडी व्यापाऱ्याची मुलगी. घरच्यांना वाटे, हिनं दुकानाच्या गल्ल्यावर बसावं. ही कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांत हिंडायची. सासरी छळ सोसणाऱ्या बायकांना तिनं बोलतं केलं होतं आणि त्याचा तासाभराचा पिक्चर केला होता. बायकांची तोंडं पडद्यावर धूसर केलेली, नावं बदललेली. उघड्यावर पडदा बांधून ती तो गावोगाव फुकट दाखवायची.

आज तो दाखवायचा होता शेजारच्या गावात. पण तिथं सकाळीच एक म्हातारं माणूस गेलं, आणि मयत झालेल्या गावात भोंगा कोण लावणार? मग त्याला लागून असलेल्या या गावच्या रुपचंद सरपंचानं फोन केला, आमच्याकडं या, शाळेमागचं मैदान मोकळंच आहे. गाडी तर भरलेलीच होती. पलकताई जरा घुटमळली. "या गावाचं मी ठरवलं नव्हतं," म्हणाली, आणि मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखं, "पण तोंड तर कुणाचंच दिसत नाही."

वनाला त्या बोलण्याशी काय करायचं होतं? त्याला दिसत होते फक्त बांबू आणि वायरी. मैदानाच्या चार कोपऱ्यांना त्यानं चार भोंगे चढवले, पडद्याशेजारी दोन बॉक्स ठेवले. लाइट घ्यायची होती कडेच्या तोताराम आबांच्या घरातून. आबा वावरात गेले होते. त्यांच्या धाकट्या सुनेनं, रत्नानं, खिडकीतून वायर आत घेतली आणि तांब्याभर पाणी बाहेर ठेवलं.

"पानी ल्या भाऊ," ती म्हणाली.

वनानं वर पाहिलं. आवाज एवढा घोगरा की आधी त्याला वाटलं, आतून कुणी पुरुषच बोलला. गळ्यात लहानपणी काही दुखणं झालं असावं. पलकताई तिथंच उभी होती, पण दोघींनी एकमेकींकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहुण्या बाईला घरची बाई साधं 'या' म्हणत नाही, हे वनाला खटकायला हवं होतं. त्याचं लक्ष मशीनच्या बटणांवर होतं.

एरवी वना गाणं लावून आवाज तपासायचा. आज त्याच्या मनात आलं, पिक्चरमध्ये नुसतं बोलणंच आहे, तर बोलण्यावरच तपासू. पलकताई सरपंचाकडं चहाला गेली होती. तिला विचारायचं त्याला सुचलं नाही. त्यानं पिक्चर मधूनच कुठूनतरी लावला आणि आवाज पूर्ण सोडला.

चारही भोंग्यांतून तोच घोगरा आवाज गावावर गेला.

"मन्ही जेठानी हिरमा पडनी नई. तिले टाकी दिधं. सासरानी हात धरेल व्हता, मी ओट्टावरथीन दखं."

म्हणजे थोरली जाऊ विहिरीत पडली नव्हती, तिला टाकलं होतं, आणि हात सासऱ्यानं धरला होता. वनानं आवाज बंद केला खरा, पण जे जायचं ते गेलं होतं. नळावर पाणी भरणाऱ्या बायका थांबल्या होत्या. त्यांतल्या एकीनं तोताराम आबांच्या घराकडं एक नजर टाकली आणि लगेच खाली मान घालून भरलेली कळशी पुन्हा विसळायला घेतली. कुणी विचारलंसुद्धा नाही की हे काय होतं. वनाला ते न विचारणंच बोचलं. आपला आवाज शेवटच्या घरापर्यंत जातो याचा त्याला जन्मात पहिल्यांदा राग आला.

पलकताई पळत आली.

"कोणता भाग लावला तुम्ही?"

"ताई, ही बाई याच घरातली आहे."

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि वायरीच्या पेटीवर मटकन बसली. "माझ्याच हातानं मी तिचं तोंड झाकलं हो. सगळं झाकलं. हातातल्या बांगड्यासुद्धा काढायला लावल्या होत्या."

आवाज झाकायचं मात्र राहून गेलं होतं. जळगावच्या खोलीत बसून ऐकताना तो आवाज फक्त एका बाईचा होता. इथं तो रत्नाचा होता, आणि गाव तो रोज ऐकत होतं.

दोघं मागच्या दारानं रत्नाकडं गेली. ती भाकरी थापत होती. पलकताई म्हणाली, "आत्ताच्या आत्ता माझ्या गाडीत बस. पोरीला घे."

रत्नानं परातीतला हात काढला नाही. "पोरले सासू लई गयी शे, मोठी आत्याना गाव," ती हळूच म्हणाली. "आनि मी आते गऊ तं बठ्ठासले समजी जाई. आबा वावरमा व्हतात. त्यासनी ऐकं नई. बाया नई सांगाव."

"आणि सांगितलं तर?"

"नई सांगाव," ती पुन्हा म्हणाली. तिच्या हाताखालची भाकरी एका बाजूनं चिरत गेली.

पिक्चर रद्द करावा तर सरपंच कारण विचारणार. सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. शेवटी दोघांचं ठरलं, तिचा भाग आला की वनानं वायर ओढायची आणि मशीन बिघडलं म्हणायचं. वनाला हे पटलं. पटायलाच हवं होतं, दुसरं होतं काय? आपण केलेली चूक आपल्याच हातानं निस्तरता येईल, या आशेवर त्याचा जीव थोडा खाली बसला.

अंधार पडला तसं गाव जमलं. पुरुष पुढं, बायका डाव्या हाताला. तोताराम आबा आले, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. सरपंचानं त्यांना पुढची खुर्ची दिली. जाता जाता ते वनापाशी थांबले.

"लाइट बराबर येस ना भाऊ? काही कमी शे का?"

"काही नाही आबा."

"मंग लावा."

इतकं सरळ बोलले की वनाला हायसं वाटलं. म्हातारा खरंच वावरात होता. ऐकलं असतं तर असा बोलला असता का? त्यानं बायकांत रत्नाला शोधलं. ती कडेला बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढून.

पिक्चर सुरू झाला. एक बाई बोलली, दुसरी बोलली. लोक ऐकत होते, मधूनच एखादी म्हातारी उसासा सोडत होती. मग पडद्यावर तिसरं धूसर तोंड आलं आणि वनानं वायर ओढली.

गावात पिक्चरचा आवाज गेला की काय होतं, हे वनाइतकं कुणाला ठाऊक? पोरं शिट्ट्या मारतात, मागून आरोळ्या येतात, साउंडवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. त्यानं शिव्या खायची तयारी ठेवली होती. या घटकेला त्याला त्या हव्या होत्या.

एक शिट्टी आली नाही. अख्खं मैदान गप्प बसून त्या मुक्या, धूसर तोंडाकडं पाहत होतं. त्याला काय म्हणायचंय हे सगळ्यांना आधीच पाठ होतं. रत्नाच्या शेजारच्या बाईनं आपली सतरंजी थोडी पलीकडं ओढली. मग तिच्या पलीकडचीनंही ओढली. वनाला कळून चुकलं की गावानं ऐकलंय, आणि आपण वायर ओढून त्यावर शिक्का मारलाय.

तोताराम आबा खुर्चीत वळले. चेहऱ्यावर राग नव्हता.

"काय झायं भाऊ?"

"वायर तुटली आबा," वना म्हणाला. "जोडतो."

"राहू द्या," आबा म्हणाले. "कसाले तरास करतस? आमनाच घरनी बाई शे. घर जाईसन ऐकी लेसूत."

ते उठले, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि बायकांच्या बाजूला गेले. पलकताई मधे आली, "आबा, थांबा, मी सांगते," म्हणत राहिली. आबांनी तिला हात जोडले आणि बाजूनं वाट काढली. सरपंच पडद्याकडं पाहत होता. मैदानात दोनशे माणसं असतील, एकही उठलं नाही. वनाही उठला नाही, आणि वायर त्याच्या हातातच होती.

"चाल माय," आबा रत्नाला म्हणाले, "पोर वाट दखी राह्यनी व्हई."

पोर घरी नव्हती, तरी रत्ना उठली, चपला शोधून पायात घातल्या आणि त्यांच्या मागून घराकडं चालू लागली.