बहिरी ससाणा आणि खाणीचा काठ

"बहिरी ससाणा बघायला बहिरा म्हातारा निघालाय!" असं म्हणून सासरे स्वतःच खो खो हसले आणि गाडीतून उतरले.

सुनेला हसू आलं नाही. समोर बंद पडलेली दगडखाण होती आणि उंचीची तर तिला लहानपणापासून धास्ती. पण नवऱ्याने निघताना बजावलं होतं, "बाबांना एकटं सोडू नकोस. दुर्बीण डोळ्याला लागली की त्यांना कशाचं भान राहत नाही."

सासरे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. हल्ली पक्ष्यांचं वेड लागलं होतं. सून चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. त्यांची जुनी दुर्बीण तिनेच साफसूफ करून दिली होती.

खाणीच्या माथ्यावर वारा भणाणत होता. "शिट्टी वाजते मेली," म्हणत त्यांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि काठाकडे गेले. सून लांबच, एका झुडपाला धरून उभी राहिली.

एवढ्यात खालून कर्कश ओरडत ससाण्याची मादी वर उसळली. पिल्लं तिथेच, कड्याच्या कपारीत असावीत. ती उंच चढली, पंख मिटले आणि दगडासारखी खाली आली. सुनेने मटकन बसकण मारली. केसांवरून सूं करून वारा गेला.

"बघितलंस? अगं, बघितलंस का?" सासरे ओरडले. मादी पुन्हा वर गेली, या वेळी बरोबर सुनेच्या डोक्यावर. सासऱ्यांनी तिकडे तोंड वळवलं, दुर्बीण लावली, मान मागे टाकली आणि एक पाऊल मागे सरकले. मग आणखी एक.

मागे काठ होता.

"बाबा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. त्यांना ऐकू जाणार कसं? दगड मारावा, तर दचकून मागेच जायचे. उभं राहायला पाय तयार होईनात, म्हणून ती रांगतच निघाली. तळव्यांत खडी रुतत होती. सासऱ्यांच्या टाचेखालचे खडे घरंगळले आणि खाली पडल्याचा आवाज काही येईना.

तिने गुडघ्यांवर उठून त्यांचा कमरेचा पट्टा दोन्ही मुठींत पकडला आणि सगळा जीव एकवटून आपल्याकडे ओढलं. ते धाडकन तिच्या अंगावर कोसळले. दुर्बीण हातातून उडाली ती थेट खाणीत.

"डोकं फिरलंय का तुझं?" ते कडाडले.

तिने नुसतं बोट दाखवलं. त्यांनी वळून पाहिलं आणि चेहरा पांढराफटक पडला. मादी पुन्हा झेपावली. दोघं पोटावर सरपटत झुडपापर्यंत आले. तिथे त्यांनी मशीन कानात घातलं.

"बस रिव्हर्स घेताना तरी मागे बघत होतात ना?" ती रडत ओरडली. त्यांच्यापुढे आवाज चढवायची ही तिची पहिलीच वेळ.

"मागे कंडक्टर उभा असायचा गं," ते पुटपुटले. मग त्यांनी तिचा सोललेला तळवा हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

परतताना गाडीची चावी त्यांनी तिच्याकडे दिली. एरवी तिच्या प्रत्येक गिअरला नावं ठेवणारा माणूस वाटभर खिडकीबाहेर बघत होता.

"दिसला का ससाणा?" नवऱ्याने दारातच विचारलं.

"दिसला," सासरे म्हणाले. "सूनबाई होती म्हणून."

ती थेट न्हाणीघरात गेली, कडी लावली, नळ सोडला आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसली.