सुनेच्या औषधांची पेटी

"बाहेर हिला डॉक्टरच म्हणायचं. साखरेच्या गोळ्या वाटते, ते आपल्या आपल्यात."

स्वयंपाकघरात सासूबाई नणंदेला सांगत होत्या. मला उराशी धरून नवी सून दाराआड उभी होती. तिने ऐकलं. मीही ऐकलं.

मी तिची होमिओपॅथीच्या औषधांची पेटी. सुताराने मला सागवानात घडवलं, प्रत्येक बाटलीला वेगळं घर दिलं. शिक्षण संपल्यावर तिच्या वडिलांनी मला तिच्या हाती दिलं. सासरी येताना तिने दागिन्यांपेक्षा मला जास्त जपलं.

इथे माझी रवानगी थेट कपड्यांच्या कपाटात झाली, डांबरगोळ्यांशेजारी. उग्र वासाने आमची औषधं बिघडतात, असं तिला शिकवलेलं. तिने हळूच तसं म्हटलं, तर नणंद म्हणाली, "वहिनी, त्याही गोळ्याच ना?" सगळे हसले. नवरासुद्धा. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण पेटीने काय बोलावं? आणि नव्या सुनेने तरी?

सासरे सर्जन. पाहुणे आले की हीच माणसं तोंड भरून सांगत, "सूनही डॉक्टर आहे हो." कशाची, असं कोणी विचारलंच तर चहा लवकर यायचा. 'होमिओपॅथ' हा शब्द या घरात एखाद्या व्यसनासारखा लपवला जाई.

काल सासूबाईंची मोठी बहीण आली. जिना चढून येताच तिच्या छातीत कळ आली, डावा हात जड झाला. सासरे ऑपरेशनमध्ये. नवरा म्हणाला, "मावशी, हॉस्पिटलात जाऊ."

"कशाला? घरात डॉक्टर आहे ना? तिलाच बघू दे."

आता सासूबाईंना खरं सांगता येईना. बहिणीचा जीव गेला तरी चालेल, पण थाप उघडी पडायला नको! त्यांनी मला कपाटातून ओढलं, सुनेपुढे केलं आणि पुटपुटल्या, "दे गं काहीतरी."

तिने माझं झाकण उघडलं नाही. मला बाजूला सारून आधी अँब्युलन्सला फोन केला. मग मावशींचा हात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मावशी, मी होमिओपॅथ आहे. घरच्यांना त्याची लाज वाटते, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. मला ती वाटत नाही. तुम्हाला आत्ता हॉस्पिटल हवंय, मी नाही. आणि आई, यापुढे मी कोण ते मीच सांगेन."