अंगठ्याची पारख

तिनं पिल्लाचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला, तोंड खिडकीकडे वळवलं आणि पुन्हा पाहिलं. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे होते. फार नाही, मध्ये गव्हाचा दाणा बसावा एवढेच. पण सकाळी होते तसेच आताही होते. बघून बघून दात मागे सरकत नाहीत.

"ठिपके, काय हे करून ठेवलंस?"

ठिपकीनं तिचा अंगठा चाटला.

काळीच्या या वेतात मादी अशी हीच एक. आणि काळीला आता पुन्हा गाभण ठेवायचं नाही, असं सासऱ्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. उंदीर धरणाऱ्या टेरियर कुत्र्यांचं हे घराणं त्यांच्या वडलांपासून या घरात चालत आलेलं. पुढे चालायचं तर या एवढ्याशा ठिपकीवरच. भीती तिला ठाऊक नव्हती. भावांच्या आधी बिळात डोकं घालायची ती हीच.

"वहिनी, आणा की आमच्या नवरीला बाहेर!" पुढच्या खोलीतून गोदामवाल्याची हाक आली.

त्याला ठिपकी हवी होती. नुसती कामाला नाही, पुढे पिल्लं घ्यायला. वेत झालं त्याच आठवड्यात सासऱ्यांनी त्याला शब्द देऊन ठेवला होता. ठिपकीला पिल्लं झाली की त्यातली एक मादी परत याच घरात यायची. आता राहिला होता तो फक्त अंगठा. सासऱ्यांची नजर अधू झाल्याला बरीच वर्षं झाली, पण दातांची पारख त्यांनी कधी नजरेनं केलीच नव्हती. हिरडीवरून अंगठा फिरवून ते "जुळतात" म्हणाले, की त्या जनावराच्या तोंडात परत कुणी डोकावायचं नाही. डोकावणं म्हणजे म्हाताऱ्याला तोंडावर खोटं पाडणं.

म्हणून सकाळी ती काही बोलली नव्हती. दोष शोधायचा तो त्यांनी, आणि त्यांच्या अंगठ्यातून तो निसटला असं या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

ती पिल्लू घेऊन बाहेर आली. गोदामवाला कपाच्या कानाला दोन बोटांनी धरून चहावर फुंकर मारत होता. समोर सासऱ्यांनी तसाच वाफाळता कप अख्ख्या मुठीत धरला होता. त्यांच्या पायावर मान टाकून काळी झोपली होती.

"काका, गिरणीवाल्याकडची पिल्लं पाहिलीत का?" गोदामवाला म्हणाला. "गेल्या साली तुम्ही त्याला दिलेल्या कुत्र्याची. त्यातल्या एकाचा जबडा असा पुढे, टेबलाचा खण उघडा राहावा तसा! थेट माझी आत्या. मी तर हात जोडून म्हटलं, आत्याबाई, कधी आलात?"

तो एकटाच हसला.

"त्याची कुत्री बाहेरची आहे," सासरे म्हणाले. "तिच्याकडून आलं असेल."

"असेना का कुणाकडून. उंदीर काय मरायच्या आधी दात मोजतो?"

"उंदीर नाही मोजत. कुत्र्याला भोगावं लागतं." त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्याकडे वाकड्या होता. तुला आठवणार नाही. छातीचा मोठा, पण दात जुळत नव्हते. उंदीर धरायचा तो अर्धाच, मग उंदीर उलटून गाल फोडायचा. भित्रा असता तर मागे तरी सरला असता. हा सरायचा नाही. शेवटी शेवटी तोंडावर धड जागा राहिली नव्हती. राबला तेवढा राबला. पण त्याची पिल्लं मी घेतली नाहीत. आण, सूनबाई."

तिनं पिल्लू त्यांच्या मांडीवर ठेवलं. नेहमीसारखाच त्यांनी डाव्या हातानं जबडा पेलला, उजवा अंगठा ओठाखाली सारला आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेला. ती त्या अंगठ्याकडेच बघत होती. पेराखाली टपोरा फोड आला होता, पाण्यानं भरलेला. सकाळी किटली उचलताना हात भाजला असणार. ते काही म्हणाले नव्हते.

मग तिनं कपाकडे पाहिलं. अजून त्यातून वाफ निघत होती.

"जुळतात," सासरे म्हणाले.

"झालं तर!" गोदामवाल्यानं हात पुढे केले.

"ठिपकीला द्यायचं नाही," ती म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले. तिचं तिलाही नवल वाटलं. पण शब्द सुटला होता.

"म्हणजे?"

"माझा जीव जडलाय तिच्यावर. घरातच राहू दे."

"अहो वहिनी, शब्द झालाय आमचा!"

"तुमचा झाला असेल. माझ्याशी नाही झाला."

"काका, घरात राज्य कुणाचं चाललंय सध्या?"

एरवी सासऱ्यांनी तिला एका शब्दात आत पाठवलं असतं. आज ते पिल्लाची मान कुरवाळत राहिले.

"तिचंच," ते म्हणाले.

गोदामवाला उठला. "बायकांच्या मायेपुढे धंदा कसा करायचा माणसानं? त्यापेक्षा विषाच्या गोळ्या टाकतो. त्यांना जबड्याची भानगड नाही." चपला घालता घालता तो दारातून म्हणाला, "येतो काका," पण आवाजात गोडवा नव्हता.

पावलं लांब गेली. काळीनं झोपेतच सुस्कारा सोडला.

"किती?" सासऱ्यांनी विचारलं.

"काय किती?"

"पुढे किती आहे?"

ती खाली बसली. "गव्हाच्या दाण्याएवढं. अजून दुधाचे दात आहेत बाबा, वाढीत कदाचित..."

"वाढीत वाढतंच ते." त्यांनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, जणू कुणी सांभाळायला दिलेली वस्तू. "मला काही लागलंच नाही. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या."

"गेल्या साली होत्या?"

विचारलं आणि तिनं जीभ चावली. ठिपकीला सासऱ्यांनी काळीच्या पोटाशी हळूच ठेवलं.

"ही राहील. होईल तेवढं काम करेल. पिल्लं नाहीत."

"मग काळीचं घराणं?"

"संपू दे. मुक्या जिवाच्या तोंडात दुखणं पेरून घराणं चालवायचं नसतं." ते भिंतीला धरून उठले आणि पायानं चपला चाचपू लागले.

"कुठे निघालात?"

"गिरणीवर."

"उद्या जा ना. किती थकलाय बघा चेहरा."

"उद्यापर्यंत तो पिल्लं वाटून मोकळा होईल. एकेकाचं तोंड बघायला हवं. बाप इथलाच आहे त्यांचा."

"मी जाऊन सांगते त्यांना. तुम्ही कशाला..."

"सांगायचं ते मी सांगेन. तू बघायचं." चपलेचा पट्टा त्यांच्या बोटांत सापडत नव्हता. तिनं वाकून तो लावला. वरून ते म्हणाले, "आणि डोळ्यांनी बघू नकोस. डोळे माया करतात. अंगठ्यानं बघ."

उंबऱ्याशी त्यांनी हात पुढे केला. फोड सांभाळून तिनं तो धरला. किती घट्ट धरलं म्हणजे त्यांना कळेल, याचा तिला अंदाज येईना. तिनं जरा जास्तच घट्ट धरला.